माया किती ठेवावी

सूनबाई आंघोळीला गेली, आतून कडी लागली, तसा मास्तरांनी खुंटीवरचा गुंडीचा शाळेचा फ्रॉक काढला आणि पुढच्या दुकानात येऊन मशीनवरचा दिवा लावला. हातात दहा मिनिटं होती, फार तर बारा. फ्रॉक उलटा करून त्यांनी कुशीची शिवण दिव्याखाली धरली, ब्लेडच्या टोकानं पहिला टाका उचलला आणि तिथंच त्यांचा हात थांबला. आत काही उरलंच नव्हतं.

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. वाढत्या अंगाच्या मुलांचे कपडे शिवताना ती सढळ हातानं ठेवायची, हा मास्तरांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. नातीच्या फ्रॉकला तर त्यांनी दोन्ही कुशींना चांगली दोन-दोन बोटं माया ठेवली होती. गेल्या दीड वर्षात ती चार वेळा सोडून झाली. दर वेळी अशीच, सकाळी, कुणाला पत्ता लागू न देता. आता शिवणीला कापडाचा नुसता काठ उरला होता.

मग त्यांनी तुकड्यांच्या डब्यातून त्याच निळ्या कापडाच्या दोन पट्ट्या शोधल्या, काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना जोडल्या, टीप मारली, इस्त्री फिरवली. कडी निघाल्याचा आवाज आला तेव्हा फ्रॉक खुंटीवर होता आणि मास्तर चहाचं आधण ठेवत होते.

"बाबा, गुंडीला उठवलंत का?"

"हे काय, उठवतोच आहे."

गुंडी जन्मली तेव्हा इतकी इवलीशी होती, की मास्तर तिला हातात घेऊन म्हणाले होते, "ही तर कोटाच्या बाहीवरची गुंडी!" तेच नाव पडलं. आता ती नऊ वर्षांची होती. दुकानामागच्या दोन खोल्यांत ही तिघं राहत. मास्तरांचा मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. सूनबाई तिकीटखिडकीवर कामाला. सकाळी दहाला जायची ती गुंडी झोपल्यावरच परतायची. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत गुंडी आजोबांच्या ताब्यात, किंवा खरं बोलायचं तर आजोबा गुंडीच्या ताब्यात.

पूर्वी घरात आजीही होती. दोन वर्षांपूर्वी ती अचानक गेली, आणि गुंडीनं अन्न सोडलं. आठवडाभर पोर दोन घासांवर होती. सूनबाईनं समजावलं, रागावली, रडली. काही उपयोग झाला नाही. शेवटी एका दुपारी चार वाजता मास्तर समोरच्या बेकरीतून क्रीमचा केक घेऊन आले. गुंडीनं त्याच्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि सगळा केक खाल्ला. मास्तरांच्या जिवात जीव आला. खाल्लं, म्हणजे जगली! त्या दिवसापासून चार वाजले की केक. पुढे केकाबरोबर गोड पेयाची बाटली आली, टीव्हीसमोर बटाट्याचे तळलेले काप आले. आजी तिला रोज संध्याकाळी मैदानावर न्यायची, ते तेवढं बंद पडलं. मास्तरांना मशीन सोडून जाता येत नव्हतं. पोर डोळ्यांसमोर आहे, खातेपिते आहे, आणखी काय हवं?

त्या दिवशी अकराच्या सुमाराला शाळेतून फोन आला. शिपाईणबाई बोलत होत्या. "मास्तर, लगेच या. नात तुमची कडी लावून बसलीय. कुणाला दाद देईना."

मास्तर निघाले. निघताना सवयीनं सुई-दोरा खिशात टाकला.

मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर वर्गाच्या बाई, शिपाईणबाई आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या एक डॉक्टरबाई उभ्या होत्या. डॉक्टरबाई मुलांच्या तपासणीसाठी आल्या होत्या. मास्तरांनी सगळ्यांना हातानंच जरा लांब व्हायला सांगितलं आणि बंद दाराशी स्टूल ओढून बसले.

"गुंडे."

त्यांनी दारावर टकटक केली.

"मी आलोय गं. सुई-दोरा आणलाय."

"तू जा, आबा."

"जातो की. फ्रॉक तेवढा दे. शिवून देतो आणि जातो."

"फाटलाय तो."

"फाटणारच. कापड आहे ते. लोखंडाचे फ्रॉक चालले असते, तर मी शिंपी कशाला झालो असतो? लोहार नसतो झालो?"

आत नाक ओढल्याचा आवाज आला. मास्तरांनी अंगातला कोट काढून दारावरून आत सोडला. थोड्या वेळानं दाराखालच्या फटीतून निळा फ्रॉक सरकत बाहेर आला. मास्तरांनी तो मांडीवर पसरला. त्यांनी सकाळी मारलेली टीप जागच्या जागी होती, एक टाका हलला नव्हता. टिपेशेजारचं जुनं, विरलेलं कापडच उभं फाटत गेलं होतं.

"काय झालं?" सुईत दोरा ओवत त्यांनी विचारलं.

"वाकायचं होतं. पायाच्या अंगठ्याला हात लावायचा होता. फर्रकन आवाज झाला. सगळे हसले. म्हणाले, ढोल फुटला."

"ढोल?"

"मला ढोलच म्हणतात, आबा. सगळे. केव्हापासून."

मास्तरांचा दोरा दोनदा सुईच्या नेढ्यातून चुकला. ज्या पोरीला आपण तळहातावरच्या फोडासारखं जपलं, तिला दुसऱ्या नावानं हाक मारतात आणि आपल्याला खबर नाही. त्यांनी फ्रॉक शिवला, दोरा दातांनी तोडला आणि फटीतून आत सारला. दार उघडलं तेव्हा गुंडीचा चेहरा सुजला होता. कोटाच्या बाह्या हातांखाली लोंबत होत्या.

डॉक्टरबाई जवळ आल्या. गुंडीला काही न विचारता त्या मास्तरांना म्हणाल्या, "फार सुबक शिवलंत. शनिवारी हिला घेऊन दवाखान्यात याल? हिच्या आईलाही आणा."

फ्रॉक फाटल्याचं मास्तरांनी सूनबाईला सांगितलं नाही, नुसतं तपासणीला बोलावलंय म्हणाले; तिनं शनिवारची पाळी बदलून घेतली. दवाखान्यात गुंडीचं वजन झालं, उंची झाली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब झाला, रक्त तपासायला दिलं. मग डॉक्टरबाईंनी नर्सला सांगून गुंडीला बाहेरच्या खोलीतले मासे बघायला पाठवलं आणि दार ओढून घेतलं.

"दीड वर्षापूर्वीच्या शाळेच्या नोंदीपेक्षा वजन तेरा किलोनं जास्त आहे," त्या म्हणाल्या. "या वयात इतक्या काळात चार-पाच किलो वाढतं. धाप लागते, गुडघे दुखतात, असं ती म्हणाली. घाबरायचं कारण नाही, पण आत्ताच बघितलं नाही तर साखर, रक्तदाब ही मोठ्या माणसांची दुखणी मागे लागू शकतात."

"तेरा?" सूनबाई खुर्चीच्या कडेवर आली. "डॉक्टर, काहीतरी चुकतंय. अहो, युनिफॉर्म तिचा दोन वर्षांपूर्वीचा आहे. तोच होतोय तिला अजून. अगदी व्यवस्थित!"

डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या. मास्तर आपल्या हातांकडे बघत होते. बोटांवरचे सुईचे घट्टे आज पहिल्यांदाच दिसल्यासारखे ते बघत होते.

"होत नव्हता," ते हळूच म्हणाले. "मी सोडत होतो."

"म्हणजे?"

"तू आंघोळीला गेलीस की. कुशीतली माया सोडायचो. पोरीला टोचू नये, तुला घोर नको..."

घरी आल्यावर गुंडी आत गेली आणि सूनबाई दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मास्तरांना जास्त लागत होतं.

"बाबा, मी त्या खिडकीमागं बसते दिवसभर. येते तेव्हा ती झोपलेली. सकाळी घाई. मला लेक दिसते ती आडवी, पांघरुणात. फ्रॉक घट्ट झाला असता ना, बटण लागलं नसतं, तर मला कळलं असतं. तेवढी एकच गोष्ट होती मला सांगणारी. तीही तुम्ही होऊ दिली नाहीत."

"चुकलं, पोरी."

"तुमचं एकट्याचं चुकलं असं नाही म्हणत मी." ती उठली. "मी तरी कुठं कधी तिला नीट जवळ घेऊन बघितलं?"

डॉक्टरबाईंनी औषधाच्या चिठ्ठीवर औषध लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं: रोज एक तास धाप लागेल असं हलणं. ताटात अर्ध्या जागेत भाज्या आणि फळं. गोड पेयं घरात नकोत. झोप पुरेशी. वेळेवर जेवण, उपास नाही. कुणी वजनावरून बोलायचं नाही. आणि शेवटी 'सगळ्यांनी' असा शब्द लिहून खाली दोन रेघा. वर तोंडी सांगितलं होतं, "वजन उतरवायच्या मागे लागू नका. वाढ तेवढी आवरली तरी पुरे. उंची वाढतेच आहे, अंग आपोआप बसेल." हे मास्तरांना चटकन पटलं. लांबी वाढली की घेर बसतो, हे शिंप्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पण पटणं वेगळं आणि जमणं वेगळं. मास्तरांनी आयुष्यभर मापं घेतली होती, ते या कामातही मापानंच शिरले. दुकानातल्या मोकळ्या जागेत गुंडीला दोरीवरच्या उड्या मारायला लावायच्या आणि स्वतः मशीनवरून मोजायच्या. "एक... दोन... तीन... ही नाही धरली. पुन्हा तीन." चौथ्या दिवशी गुंडीनं दोरी कपाटामागे टाकली आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. जेवणाचीही तीच गत. उकडलेल्या भाज्या ताटात आल्या. गुंडी एक घास तोंडात धरून अर्धा अर्धा तास बसायची. चार वाजले की दोघंही समोर बघायची नाहीत. बेकरीवाला एकदा काउंटरवरूनच ओरडला, "मास्तर, काही चुकलं का माझं? बोलणं टाकलंत!"

"तुझं नाही रे बाबा, माझंच चुकलं," मास्तर म्हणाले आणि कात्री शोधू लागले.

तीन आठवडे झाले. एका दुपारी अस्तराचा तुकडा हवा म्हणून मास्तरांनी कोपऱ्यातलं चिंध्यांचं पोतं उपसलं. तळाशी हात गेला तर काहीतरी कुरकुरलं. बिस्किटांच्या पुड्यांचे कागद होते. चपटे केलेले, नीट घडी घातलेले, अकरा कागद. पोरीनं घड्या मात्र आजोबांकडून शिकल्याप्रमाणं कडेला कड लावून घातल्या होत्या.

गुंडी दारात उभी होती. नुकतीच शाळेतून आली होती. दप्तर पाठीवरच. तिनं कागद पाहिले आणि दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी आवळले.

मास्तरांच्या मनात आधी राग आला. मग त्या घड्या पुन्हा दिसल्या आणि राग कुठल्या कुठं गेला.

"ये इकडं. बस." त्यांनी चिंध्यांच्या ढिगावरच जागा केली. "लपवायचं कसं, ते माझ्याकडूनच शिकलीस. मीही दीड वर्ष लपवलंच की. तू कागद लपवलेस, मी माप लपवलं."

गुंडी बसली. बराच वेळ ती एका लाल चिंधीचे धागे ओढत राहिली.

"आबा, एक सांगू? रागावशील."

"नाही रागावत."

"मला तो केक नको असायचा. म्हणजे, आधी हवा असायचा. पण नंतर कधी कधी नको असायचा. पोटात जड व्हायचं."

"मग खायचीस कशाला गं?"

"आजी गेली ना, तेव्हा तू मशीनवर बसून रडायचास. मशीन चालवत चालवतच. मला आतून दिसायचं." तिनं धागा बोटाला गुंडाळला. "मी पहिल्यांदा केक खाल्ला, तेव्हा तू हसलास. नंतर पण, मी खाल्ला की तू हसायचास. म्हणून."

मास्तरांना वाटलं, कुणीतरी दुकानाचे सगळे दिवे एकदम लावले. दोन वर्षं आपण या पोरीला सावरतोय असं ते समजत होते. आणि ती नऊ वर्षांची पोर रोज चार वाजता जड पोटानं, एकेक घास गिळत, त्यांना सावरत होती.

"आणि ही बिस्किटं?" मास्तरांनी विचारलं. "ही कुणाला हसवायला?"

"ही नाही." गुंडीनं मान खाली घातली. "आता सवयच लागली."

या उत्तरावर मास्तरांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरोखर हसू आलं. डोळे भरलेले आणि हसू आलेलं, अशा अवस्थेत त्यांनी नातीला जवळ ओढलं. "बरं झालं सांगितलंस. आता मला हसवायचं काम तुझ्याकडं नाही. काढून घेतलं. कळलं?"

"मग माझ्याकडं काय काम?"

प्रश्न खरा होता. मास्तरांची नजर शिवून तयार असलेल्या कपड्यांच्या फळीकडे गेली. दोन कोट, एक पँट, पडद्यांची जोडी. गिऱ्हाईकं न्यायला येईपर्यंत आठवडा आठवडा धूळ खात पडणारी.

"पोचवायचं," ते म्हणाले. "आजपासून कपडे घरपोच. मी पिशवी धरतो, तू बेल वाजव."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर पाटी लागली: कपडे घरपोच मिळतील. संध्याकाळी पाच ते सहा दुकान बंद.

पहिल्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोट द्यायचा होता. दुसरा मजला येईतो दोघंही पायरीवर बसली.

"आबा, तुझं काय वाजतंय?"

"गुडघा."

"माझा श्वास वाजतोय."

"मग झालं, बँडच तयार झाला आपला. चल, कोटवाल्यांना वाजवून दाखवू."

कोटवाल्या गृहस्थांनी दार उघडलं तेव्हा दोघंही लाल चेहऱ्यानं हसत होती, आणि त्यांना बोलायला दम नव्हता. गृहस्थ घाबरून पाणीच घेऊन आले.

असं सुरू झालं. पहिल्या महिन्यात तिसरा मजला म्हणजे डोंगर वाटायचा. एकदा भर रस्त्यात गुंडी रुसून बाकड्यावर बसली, "मला नाही यायचं, सगळे बघतात," म्हणाली. मास्तर शेजारी बसले. "बघू देत. मी काल उलटा स्वेटर घालून गेलो होतो चार घरी, कुणीही बघितलं नाही. लोकांना वेळ कुठं असतो?" तिनं त्यांच्याकडे बघितलं. स्वेटर आजही उलटाच होता. उठली.

परतीच्या वाटेवर भाजीवालीचं दुकान लागायचं. नियम असा ठरला, की रोज एक भाजी गुंडीनं निवडायची आणि आजोबांनी ती मुकाट्यानं खायची. या नियमाचा गुंडीनं पुरेपूर सूड उगवला. मास्तरांना जन्मात न आवडलेलं बीट सलग तीन दिवस घरात आलं. सूनबाईनं पाळी बदलून मागितली होती, ती दोन महिन्यांनी मिळाली. आता संध्याकाळी तिघं मिळून चिरायची, परतायची, आणि बीट बघून मास्तरांचं तोंड वाकडं झालं की मायलेकी एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. डब्यात सफरचंदाच्या फोडी, उकडलेलं अंडं, काकडी जाऊ लागली. घरात गोड पेयाची बाटली येणं बंद झालं. बेकरीशी वैर मात्र धरलं नाही. रविवारी एक केक यायचा आणि त्याचे तीन भाग व्हायचे. सुरी गुंडीच्या हातात असायची. माप असं काटेकोर, की मास्तर म्हणायचे, "कापड कापायलाच बसवतो हिला."

सगळं सरळ रेषेत झालं असं नाही. परीक्षेच्या दिवसांत पुन्हा कागद सापडले, तीन. मास्तरांची हिवाळ्यात कंबर धरली आणि पंधरा दिवस फेरी बंद पडली, तेव्हा गुंडी टीव्हीसमोरून हलेना. सोळाव्या दिवशी तिनंच पिशवी उचलून त्यांच्यासमोर धरली. "चल. पडदेवाल्या आजींचा फोन आला होता." फोन आला नव्हता, हे मास्तरांना माहीत होतं. ते उठले.

शाळेत मास्तर एकदा मुख्याध्यापिकांना भेटून आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी घरी सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यापासून त्या वर्गात कुणाला ढोल म्हटलेलं ऐकू आलं नाही, आणि खेळाच्या तासाला अंगठ्याला हात लावण्याऐवजी पकडापकडी सुरू झाली, ज्यात शिक्षकसुद्धा पळायचे.

सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी वजन बघितलं. एका किलोचा फरक होता, वाढीचाच. मास्तरांचा चेहरा उतरला. पण बाईंनी उंचीची पट्टी लावली, कागदावर दोन टिंबं काढली आणि रेघ कुठून कुठं वळली ते दाखवलं. "हिची उंची साडेतीन सेंटीमीटरनं वाढलीय, आजोबा. रक्तही चांगलं आलंय. आणि जिना चढताना धाप?"

"मला लागते," मास्तर म्हणाले. "ती वर जाऊन थांबलेली असते."

हे खरं होतं. मधे कधीतरी अदलाबदल झाली होती. कोणत्या जिन्यावर, कोणत्या दिवशी, ते मास्तरांना सांगता आलं नसतं. आताशा मास्तर खालच्या पायऱ्यांवर कठड्याला टेकून उभे राहत आणि वरून गुंडीचा आवाज येई. "हे तुमचं जाकीट. बाही अर्धा इंच कमी केलीय. घालून बघा, नाहीतर आबा परत करून देतील." ठणठणीत, न अडखळता. गिऱ्हाईकं तिला 'छोटी मास्तरीण' म्हणू लागली होती. ते ऐकलं की मास्तर एकटेच अंधाऱ्या जिन्यात मान डोलवायचे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका संध्याकाळी पाच वाजता मास्तरांनी दुकानाचं दार ओढलं, पिशवी घेतली, चपला घातल्या. गुंडी आलीच नव्हती. शाळेतून येऊन दूध पिऊन कुठंतरी गेली होती. ते पाच मिनिटं थांबले. मग आतून सूनबाईची हाक आली.

"बाबा, सांगायचं राहिलं. गुंडी मैदानावर गेलीय. वर्गातल्या दोघी बोलवायला आल्या होत्या. तुम्ही मशीनवर होतात, म्हणून मलाच विचारून गेली. येईल साडेसहापर्यंत."

"हो का?" मास्तर म्हणाले. "बरं, बरं. छान झालं की."

"थांबा जरा, मी येते तुमच्याबरोबर."

"अगं नको. चार कपडे तर आहेत."

पिशवी जड नव्हती. रस्त्यावर ऊन तिरपं झालं होतं. सरळ गेलं तर पहिल्या गिऱ्हाइकाचं घर जवळ पडायचं, पण मास्तर मैदानाच्या बाजूनं वळले. कुंपणाच्या जाळीपाशी ते थांबले. दहा-बारा मुली पळत होत्या, ओरडत होत्या, कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं. त्यात गुंडी होती. इतरांपेक्षा अजून रुंद, इतरांपेक्षा जरा मागे, केस विस्कटलेले. कुणीतरी तिला धरायला आलं तशी ती अंग चोरून निसटली आणि मोठ्यानं हसली. असं हसणं त्यांनी आजी होती तेव्हा ऐकलं होतं. त्यानंतर नाही.

तेवढ्यात तिचं लक्ष जाळीकडे गेलं. ती धावत आली. मास्तरांनी नकळत पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात मोकळा केला.

"आबा, हे धर," गुंडी धापा टाकत म्हणाली. अंगातला स्वेटर डोक्यावरून ओढून काढून तिनं तो जाळीवरून पलीकडे टाकला. "खूप उकडतंय." आणि मास्तर काही बोलायच्या आत ती वळून पळत सुटली सुद्धा.

मास्तरांनी स्वेटर झटकला. उलट्या झालेल्या बाह्या सरळ केल्या, त्या पाठीमागे दुमडल्या, कडेला कड लावून घडी घातली. लोकर घामानं ओलसर आणि अजून गरम होती. गिऱ्हाइकांच्या इस्त्रीच्या कपड्यांवर तो ठेवू नये खरं तर. त्यांनी तो काखेत धरला आणि ते चालू लागले. पहिलं घर पडदेवाल्या आजींचं होतं, चौथ्या मजल्यावर.